पांढऱ्याखालचा रंग

या, बसा. चुलीजवळची खुर्ची घ्या, तिला ऊब आहे. सिरिल स्टेशनवर गेलाय, नातीला आणायला. रेल्वे उशिरा येतेय म्हणे. आज पाऊस पडता पडताच गोठतोय, तारांना काचेसारखं बर्फ धरलंय, आणि दुपारपासून वीजही नाही. म्हणून हा दिवा काढला. चारच वाजलेत, पण खिडकीबाहेर बघा, कुंपणसुद्धा दिसत नाही.

बेद्रिखचा फोन आला होता तुमच्याबद्दल. जुन्या मोटारसायकलींच्या रंगांतला जाणकार माणूस पाठवतो, म्हणाला. बेद्रिख म्हणजे सिरिलचा रेल्वे वर्कशॉपमधला दोस्त, चाळीस वर्षं डब्यांना रंग देत आला, त्याचा शब्द सिरिल मोडत नाही. उद्या सकाळी रंगाला हात घालायचा असं ठरलंय. म्हणूनच तुमच्याशी आधी बोलायचं होतं. सिरिल तुम्हाला गोठ्यात नेईल, पांढरी जावा दाखवेल आणि म्हणेल, सरळ पॉलिश पेपर फिरवा, खालचं सगळं उडवून टाका. फिरवा हवं तर. पण माझं ऐकून घ्या आणि मग फिरवा.

चहा घ्या. साखर एक की दोन?

पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. असाच नोव्हेंबर होता. सिरिल नुकताच निवृत्त झालेला, दिवसभर माझ्या पायांत घोटाळत घरभर हिंडायचा. शेजारच्या गावात कुबिकोव्हाबाई म्हणून एक विधवा राहते, तिच्याकडून त्याने ही जावा आणली. अडीचशे सीसीची, आमच्या लग्नाच्याही आधीची. काळी कुळकुळीत, आणि तो काळा रंगही असा, की जणू कोणीतरी रागाने फासलाय. ब्रशचे ओरखडे तसेच. सिरिलला ती मूळच्या रंगात हवी होती. वसंतात होस्तिनच्या डोंगराखाली जुन्या मोटारसायकलींचा मेळावा भरतो, फादर पाणी शिंपडून आशीर्वाद देतात, तिथं न्यायची होती त्याला.

"जावा कशी पाहिजे, लिडा? पिकून काळसर झालेल्या चेरीसारखी," तो मला म्हणाला. "तोंडात टाकावीशी वाटली पाहिजे."

"तुझे दात राहिलेत किती," मी म्हटलं.

मला खरं तर त्या दिवसांत मोटारसायकलीत लक्ष घालायला मनच नव्हतं. आमची एकुलती एक मुलगी रादका ब्रनोला असते. तिला सातवा महिना लागला होता. त्याआधी दोनदा तिची कूस रिकामी झाली होती, दुसऱ्या वेळी तर पाचव्या महिन्यात. मी होस्तिनच्या डोंगरावरच्या मारियामातेला नवस बोलले होते. मूल सुखरूप हातात आलं, की डोंगराच्या सगळ्या पायऱ्या अनवाणी चढेन. आणि तोवर दर शनिवारी नुसतं पाणी आणि पाव. आमच्याकडे मूल जन्मायच्या आधी बाबागाडी घरात आणत नाहीत, पाळण्याला हात लावत नाहीत. रादकाचा जुना पाळणा माळ्यावर होता, कापडाखाली. मी त्याच्याकडे मान वर करूनसुद्धा बघत नव्हते.

तर, मूळचा रंग शोधायची एक रीत असते. तुम्हाला मी काय सांगणार. पण माझ्यासारखीला ती पहिल्यांदाच कळली. टाकीच्या एका बाजूला बशीएवढी जागा घ्यायची, ओला पॉलिश पेपर घेऊन हलक्या हाताने गोल गोल घासायचं, मधे जास्त, कडेला कमी. मग रंगांचे थर एकात एक वर्तुळं होऊन दिसतात, झाडाच्या बुंध्यासारखी. बाहेरचं वर्तुळ सगळ्यात अलीकडचं. मधला ठिपका सगळ्यात जुना, आणि त्याच्याही मधे लोखंड.

पहिल्या दिवशी काळ्याखाली लाल निघाला, सिरिलने आरोळीच ठोकली. पण तो लाल कागदाइतका पातळ होता. त्याच्याखाली हिरवा आला.

"हा कुठून आला?" सिरिल म्हणाला. "जावा हिरवी?"

मी त्याला सूप प्यायला बोलवायला गेले होते. हिरवा मी लगेच ओळखला. आमच्या फाटकाचा होता तो, घर बांधलं त्या वर्षी दिलेला. वाटाण्याच्या शेंगेचा, जरा मळकट.

"त्या काळी दुकानात तीनच रंग मिळायचे," सिरिल हसत म्हणाला, "आणि त्यातले दोन संपलेले असायचे. अर्ध्या देशाची फाटकं हिरवी होती, बाई."

ते खरंच होतं. मीही हसले.

दुसऱ्या दिवशी हिरव्याच्या आत मलईचा रंग आला. मी ओणवी होऊन पाहिलं, आणि मला... कसं सांगू, आपलं अक्षर परक्याच्या वहीत दिसावं तसं झालं. हे समोरचं कपाट बघता ना? आता त्याच्यावर दुसरा रंग आहे. पण आधी मी त्याला माझ्या हाताने मलईचा रंग दिला होता, आणि तो मधेच पुरेना. मग मी जमिनीला लावून उरलेला तपकिरी दोन चमचे घातला. चूकच झाली, रंग दुधात कॉफी सांडल्यासारखा दिसायला लागला. सासूबाई वर्षभर टोमणे मारत होत्या. तोच रंग होता टाकीवर. दोन चमचे तपकिरीसकट.

मी सूप ढवळायला आत आले. पण मनात आलं, सिरिल काहीतरी करतोय. तुम्ही त्याला ओळखत नाही. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्याने माझ्या जपमाळेत वाटाण्याचा मणी ओवला होता. मला वाटलं, माळ्यावरचे जुने डबे काढून हा रात्री थर मारतो आणि सकाळी मला घासून दाखवतो. मी त्याचे कपडे हुंगले. थिनरचा वास होता, तो तर रोजच असायचा. माळ्यावर गेले. डब्यांवर वर्षांची धूळ, एकाचंही झाकण हललेलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मलईच्या आत निळा आला.

आता हे नीट ऐका. रादका व्हायची होती तेव्हा चर्चमधल्या मातेच्या मूर्तीला रंग दिला होता. तिच्या झग्याचा निळा अर्धा पेला उरला, तो चर्चच्या राखणदाराने मला दिला. "लिडा, तुझ्या पाळण्याला लाव," म्हणाला. त्याने तो स्वतःच्या हाताने कालवला होता, दुकानात तसा कुठेच नव्हता. जगात त्या निळ्याच्या दोनच वस्तू होत्या. मातेचा झगा आणि माझ्या मुलीचा पाळणा.

"सिरिल," मी म्हटलं, "क्रूसावर हात ठेव आणि सांग, हे तू केलंस का?"

"वेडी झालीस का ग?"

"हात ठेव."

त्याने ठेवला. हसत नव्हता तो. "लिडा, मी केलेलं नाही. मला वाटत होतं, तू करतेयस... मला लाल रंग द्यायला नको म्हणून काहीतरी."

म्हणजे तो माझ्यावर संशय घेत होता, आणि मी त्याच्यावर. चाळीस वर्षांच्या संसारात त्या संध्याकाळी पहिल्यांदाच आम्ही एकमेकांकडे चोरट्या नजरेने बघत जेवलो.

मग बेद्रिखची पाळी आली. तो येता-जाता गोठ्यात डोकावायचा, रंग त्याच्या हातातले. मी विचारल्यावर त्याला रागच आला. "वहिनी, तुमच्या हातच्या सूपासाठी येतो मी. नाहीतर या गंजक्याचं तोंड कोण बघतं! आणि थर देणं म्हणजे भिंतीला चुना फासणं नाही. एकेक सुकायला दिवस जातात. या थरांची धार बघा, किती बारीक आहे. हे वर्षानुवर्षांचं आहे."

म्हणून मी बसने कुबिकोव्हाबाईंकडे गेले. ताज्या खसखशीच्या पोळ्या बरोबर घेतल्या. बाईने दार फक्त साखळीएवढं उघडलं.

"मोटारसायकल परत घेणार नाही मी," हेच तिचं पहिलं वाक्य.

"परत द्यायला नाही आले, काकू. एवढंच विचारायला आले, तिला कोणकोणते रंग दिले होते?"

"आणली तेव्हा लाल. मग काळा. बस्स."

"मधे हिरवा? निळा?"

तिने पोळ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दार थोडं आणखी उघडलं. "आमच्या यांनी तिला एकदाच घासली होती," ती हळू आवाजात म्हणाली. "एकच दुपार. आत आले तेव्हा तोंड पिठासारखं. दुसऱ्या दिवशी काळा आणला आणि दोन थर दिले. मी म्हटलं, अहो लाल किती छान होता. तर म्हणाले, थंडीत लाल बरा दिसत नाही."

"काय दिसलं होतं त्यांना?"

"ते नाही बोलले. पण त्याच हिवाळ्यात..." तिने साखळी पुन्हा हातात धरली. "आमच्या मोठ्या मुलाची खोली आम्ही तपकिरी रंगवली होती. खिडक्या, दार, पलंग. तो गेला त्याआधीची शेवटची. बाई, तुम्ही आता जा."

परत येताना बसमध्ये मला एक गोष्ट उमगली. मी वर्तुळं मोजत होते. हिरवं फाटक आमचं सगळ्यात जुनं. मग कपाट. मग पाळणा. जुना रंग आत असायला हवा ना? इथे उलटं होतं. जितकं आत जावं, तितकं ते आमच्या आजच्या दिवसाकडे येत होतं.

घरी आले तर सिरिलने आणखी एक वर्तुळ काढलं होतं. फिका नारिंगी. मी तो पाहिला नव्हता कधीच. मनात आशा धरली, की हा तरी परका असेल. रादकाला फोन केला, जावई इव्होची चौकशी केली, इकडचं-तिकडचं बोलले, मग सहज विचारलं, घरात नारिंगी काही आहे का ग?

"अय्या, इव्होने सांगितलं वाटतं! उन्हाळ्यात त्याने स्वयंपाकघरातल्या खुर्च्या रंगवल्या. जर्दाळूसारख्या दिसतात. तू येशील तेव्हा दाखवणार होते."

मी फोन ठेवला आणि गोठ्यात जाऊन सिरिलच्या हातातला पॉलिश पेपर काढून घेतला. "आता एक वर्तुळही काढायचं नाही."

"का?"

"कारण याच्यापुढचं अजून घडलेलं नाही."

तो वाद घालेल असं वाटलं होतं. घातला नाही. पेपर पाण्याच्या बादलीत टाकला, टाकीवर पोतं घातलं, आणि आम्ही गोठ्याला कडी लावली.

तो शनिवार होता. दुपार, पण आजच्यासारखाच काळोख. मी माझा पाव आणि पाणी घेऊन बसले होते. सिरिल आणि बेद्रिख या इथे, या टेबलाशी सूप पीत होते. बेद्रिख सांगत होता, लाल नको असेल तर हस्तिदंती घ्या, हस्तिदंती जावा फार कमी दिसतात. सिरिल म्हणत होता, हस्तिदंती म्हणजे म्हाताऱ्याचे दात. दोघं शेडकार्डावर डोकी घालून भांडत होते, आणि मला जरा बरं वाटत होतं.

तेवढ्यात आवाज आला.

खस्स... खस्स... खस्स...

ओला कागद लोखंडावर फिरतो तसा. गोल गोल. सावकाश. घाई नसलेल्या माणसाच्या हाताचा.

बेद्रिखचा चमचा वाडग्यात थांबला. सिरिलने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे, दोघांनी बेद्रिखकडे. तिघंही तिथेच होतो. आता संशय घ्यायला कोणी उरलंच नव्हतं, आणि तीच गोष्ट सगळ्यात भयंकर होती.

"उंदीर असेल," बेद्रिख म्हणाला. त्याच्या आवाजावर त्याचाच विश्वास नव्हता.

"उंदीर... गोल घासतो?" सिरिल म्हणाला.

आम्ही दिवा घेऊन गेलो. मी नमो मरिया म्हणत होते, ओठांतल्या ओठांत. कडी लावलेली होती, तशीच. आवाज कडीला हात लावेपर्यंत चालू होता. आत थिनरचा वास, ओल्या गंजाचा वास, आणि त्याखाली आणखी एक, नुकत्याच रंधा मारलेल्या लाकडाचा. गोठ्यात लाकूड नव्हतं. पोतं घडी करून बाजूला ठेवलेलं. टाकीवरून पाणी निथळत होतं, जमिनीवर ठिपठिप... आणि नारिंगीच्या मधोमध नवा ठिपका.

पांढरा.

"अस्तर असेल," सिरिल म्हणाला.

"अस्तर तांबडं असतं," बेद्रिख पुटपुटला. "नाहीतर करडं. पांढरं... नसतं."

मी लहान होते तेव्हा माझा धाकटा भाऊ नऊ दिवसांचा होऊन गेला. वडिलांनी फळ्यांना रंधा मारून त्या जोडल्या, आईने खिडक्यांचा पांढरा रंग घेऊन ती छोटी शवपेटी रंगवली. इतक्या लहान बाळांसाठी तेव्हा घरीच करायचे. आई रंगवत होती आणि मी डबा धरला होता. माझ्या हातांना त्या फळ्यांचा वास चाळीस-पन्नास वर्षं होता. त्या गोठ्यात तोच वास होता.

आम्ही स्वयंपाकघरात परतलो आणि फोन वाजला. इव्हो होता. "आई, रादकाला दवाखान्यात आणलंय. रक्त जातंय. डॉक्टर म्हणतात, आजची रात्र बघू..."

बेद्रिख उठून बाहेर गेला, टोपी हातात घेऊन. सिरिल भिंतीकडे बघत बसला. मी गुडघ्यांवर बसले आणि मातेसमोर तोंडाला येईल ते बोलले. आणि बोलता बोलता मला सुचलं. कुठून सुचलं, तुम्हीच ठरवा. मी कोणाचं नाव घेत नाही.

"सिरिल, घरात पांढरा किती आहे?"

"खिडक्यांसाठी आणलेला एक डबा. भरलेला. का?"

"ती मोटारसायकल पांढरी करायची. आत्ता. सगळा डबा संपवायचा. टाकी, मडगार्ड, चाकांचे आरे, सगळं. या घरातला पांढरा तिलाच लागायला हवा. मग दुसऱ्या कशाला लागणार नाही."

सिरिलचं तोंड उघडंच राहिलं. सगळं आयुष्य या माणसाने चेरीसारख्या जावाचं स्वप्न पाहिलेलं. क्षणभर मला वाटलं, म्हणेल, हे तुझं खूळ आहे. तो उठला, कोट घातला आणि म्हणाला, "मेळाव्यात सगळे म्हणतील, दूधवाल्याची आली."

"म्हणू देत."

"म्हणू देत," तो म्हणाला, आणि त्याने डोळे पुसले.

आम्ही तिघांनी रंग दिला. खिडकीचे ब्रश, भांडी घासायचा ब्रशसुद्धा. थंडीत, दमट हवेत, अस्तर न देता. बेद्रिख सारखा म्हणत होता, "हे टिकणार नाही, पोपडे धरतील," आणि तरी हात थांबवत नव्हता. शेवटी मी डब्याचा तळ पावाच्या तुकड्याने पुसला आणि तो तुकडाही चुलीत टाकला. उजाडायला आलं तेव्हा इव्होचा फोन आला. रक्त थांबलं होतं. बाळाची धडधड नीट होती.

रादका दोन महिने पाठीवर पडून राहिली. जानेवारीत अपोलेना झाली. चिमणीएवढी, पण आवाज असा, की डॉक्टर हसले. वसंतात मी पायऱ्या चढले, अनवाणी, आणि वर पोचल्यावर माझ्या पायांतून रक्त येत होतं आणि मला ते कळलंही नव्हतं. सिरिलने खाली पांढऱ्या जावावर आशीर्वादाचं पाणी घेतलं. तिथे कोणी हसलं नाही. एक पोरगी म्हणाली, ढगासारखी आहे.

इथे गोष्ट संपली असती, तर मी तुम्हाला ती हसत सांगितली असती.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात टाकीवरच्या पांढऱ्याला बेद्रिख म्हणाला तसे पोपडे धरले. मी गोठ्यात अंडी शोधायला गेले होते. एक पोपडा तळहाताहून मोठा, बोट लावताच निघून पडला. त्याच जागेवरचा, जिथे वर्तुळं होती. खाली हिरवा नाही, निळा नाही, नारिंगी नाही. एकच सलग रंग. जांभळट करडा. दवाचा पहिला थर बसलेल्या आलुबुखाराच्या सालीसारखा. आमच्या घरात तसं काही नव्हतं, कधीच.

आणि त्या रंगात हाताचा ठसा होता. रंग ओला असताना कोणीतरी टेकलेला. लहान मुलाचा, उजवा. बोटांच्या टोकांच्या बारीक रेषासुद्धा उमटलेल्या. अपोलेना तेव्हा अडीच वर्षांची. तिच्या हातापेक्षा तो ठसा पुष्कळ मोठा होता.

तुम्हाला सांगते, मला आधी आनंद झाला. मी तिथेच गुडघे टेकले. म्हणजे माझी नात एवढी मोठी होणार! मातेने मला पुढचं दाखवलं, असं मला वाटलं. मी दोऱ्याने तो ठसा मोजला, दोऱ्याला गाठ मारली, प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवला. मग डोळ्यांतलं पाणी पुसून पुन्हा पाहिलं, तर लहान ठशाच्या वर, त्याला अर्धं झाकून, दुसरा ठसा होता. मोठ्या माणसाचा. मुलाचा हात आपल्या हाताखाली दाबून धरावा, तसा.

सिरिलचा पंजा रुंद आहे. इव्होची बोटं आखूड. बेद्रिखचा अंगठा मशिनमध्ये चेपलेला. हा हात लांब आणि अरुंद, आणि त्याला... त्याला रेषाच नव्हत्या. एकही नाही. मुलाच्या बोटांवर सगळं स्पष्ट, आणि त्याच्यावरचा मोठा हात चमच्याच्या पाठीसारखा गुळगुळीत.

मी ते पोतं पुन्हा टाकीवर बांधलं. सिरिलला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो घासायला बसला असता. तेव्हापासून मला एक वाईट खोड लागलीय. मी लोकांचे हात बघते. फादर प्रसाद देतात तेव्हा त्यांचा. पोस्टमनचा. बसमध्ये दांडा धरलेल्यांचे. लोकांना वाटतं, म्हातारी लिडा भाविक झाली, सारखी मान खाली घालते. आशा मात्र मी सोडलेली नाही. मुलांचा एक राखणदार देवदूत असतो, आम्ही तर त्याची प्रार्थना बोलायला लागलेल्या मुलांना सगळ्यात आधी शिकवतो. त्याचा हात असेल. देवदूताच्या हाताला रेषा कशाला हव्यात? असं मी स्वतःला रोज सांगते. आणि रोज मला वाटतं, देवदूत मुलाचा हात इतका दाबून का धरेल...

मी दर सुट्टीत अपोलेनाचा हात दोऱ्याने मोजते. ती म्हणते, आजी मला अंगठी करतेय. या महिन्याच्या सुरुवातीला मृतांच्या सणाला सगळे आले होते, तेव्हा गाठीला खसखशीच्या दाण्याएवढं अंतर उरलं होतं. त्याच दिवशी सिरिलने तिला मांडीवर घेऊन शेडकार्ड उघडलं. "आजोबांची जावा पोपडे धरलेली बरी दिसत नाही. तू सांग, कोणता रंग देऊ?" लाल, निळे, पिवळे, सगळे पुढ्यात होते. तिने पानं उलटली, अगदी मागच्या पानावर गेली, आणि बोट ठेवलं. मी बघायच्या आधीच मला माहीत होतं.

म्हणून आज मला नकोसं झालं होतं. ती येतेय. उद्या गोठ्यात तो रंग ओला असणार. मुलं ओल्या रंगाला हात लावतातच, त्यात काय. आणि तिच्याशेजारी रंगाचा जाणकार माणूस उभा असणार, नाही का.

तुमचा चहा गार झाला. तुम्ही घोटसुद्धा घेतला नाहीत.

राग मानू नका, मी तुमच्यावर संशय घेत नाही. देवाशपथ नाही. पण अर्धा तास झाला, चूल लालबुंद आहे, मी शाल काढून ठेवलीय, आणि तुम्ही आल्यापासून हातमोजे काढले नाहीत.

ते ऐका, फाटक वाजलं. सिरिल तिला पाठुंगळीला घेऊन येत असेल, घसरतंय बाहेर. ती दारातूनच धावत येते नेहमी, ज्याला त्याला हात देते, अनोळखी माणसालासुद्धा. ती यायच्या आधी एवढं माझं करा, हातमोजा काढा. उजवा. नुसता उजवा.

हं... असा. दिव्याजवळ आणा. आणखी जवळ.

वात खाली गेली असेल. मी जरा वर करते. या दिव्याचं हे असंच आहे, अंधारल्यावर बारीक रेषा नीट दिसत नाहीत... आणखी जरा जवळ आणा ना. पंजा उघडा.

वातच खाली गेली असेल.